आईंना पाऊल कुठे पडते ते विचारणाऱ्या कार्पेटवाल्या चाचांना

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्याकडचे काम संपवून गेलात, तेव्हा पैसे देण्याच्या आणि हत्यारे आवरण्याच्या गडबडीत मला जे सांगायचे होते ते सांगता आले नाही. आपले नाव आणि दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण आपण स्वभावाने संकोची आहात हे मी पाहिले आहे. तरीही ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत वर्षानुवर्षे गालिचे विकणाऱ्या माणसाने आमच्या घरासाठी काय केले, हे चारचौघांना कळावे असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. पोखरण रोडवरच्या आमच्या घरात, बहुतेक नव्या इमारतींत असतात तशाच, गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरश्या आहेत. त्या फरशीवर पाय सरकून त्या पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर हाती वॉकर आला. फिजिओथेरपिस्टांनी स्पष्ट सांगितले होते की घरातले सगळे सुटे गालिचे आणि पायपुसणी उचलून ठेवा, कारण त्यांच्या कडाच म्हाताऱ्या माणसाला पाडतात. म्हणून आईंच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत, कुठेही कड उघडी न राहता बसवलेले कार्पेट घ्यायचे असे घरात ठरले.

पहिले कार्पेट ऑनलाइन मागवले होते. 'मापाप्रमाणे कापून, फिटिंगसह' असे त्या विक्रेत्याने ठळक अक्षरांत लिहिले होते. प्रत्यक्षात जे आले ते घट्ट घड्या घालून प्लास्टिकमध्ये दाबलेले होते, घड्यांच्या रेषा अखेरपर्यंत गेल्या नाहीत आणि एका बाजूला ते दोन इंच कमी भरले. बसवायला आलेला मुलगा कुठल्या तरी कंत्राटदाराचा होता. त्याने दुतर्फी चिकटपट्टी लावली, फोटो काढला आणि तो निघून गेला. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी पावसाळ्यात हवा किती दमट असते हे आपल्याला सांगायला नको. पट्टीने फरशी सोडली, बाथरूमकडची कड वर वळली आणि एका पहाटे आईंच्या वॉकरचा पाय तिच्यात अडकला. माझे यजमान जवळच होते, त्यांनी धरले म्हणून त्या पडल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी एकटीने उठणेच सोडून दिले. रात्री तहान लागली तरी त्या आम्हाला हाक मारायला संकोचत आणि तशाच पडून राहत. एका कार्पेटने आमच्या घरात केलेले नुकसान हे होते. विक्रेत्याने मात्र मापाने कापलेला माल परत घेत नाही, एवढे एकच वाक्य प्रत्येक वेळी ऐकवले. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात व्हायला हवे. पोच अगदी वेळेवर आली. निवारणाची वाट आम्ही अजून पाहत आहोत.

हे लिहिताना ऑनलाइन खरेदी वाईट आणि नाक्यावरचे दुकान चांगले असा सरसकट निष्कर्ष मला काढायचा नाही. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या, वातानुकूलित शोरूममध्येही आम्ही गेलो होतो. तेथे आईंच्या वॉकरविषयी सांगितल्यावरही आम्हाला लांब दशांचे, म्हणजे वर लांब धागे उभे असलेले, पाऊल रुतेल असे जाड कार्पेट दाखवण्यात आले आणि 'किती मऊ आहे, हात तर लावून पाहा' असा आग्रह झाला. त्या मऊपणात वॉकरचे चार पाय चार वेगवेगळ्या खोलीवर टेकतील, हे तेथे कोणाच्याही मनात आले नाही. कार्पेट रोलमध्ये असते तोवर ते फक्त रंग आणि पोत असते. ते कोणाच्या पायाखाली जाणार आहे हे विचारल्याशिवाय चांगले कार्पेट कोणते, हे सांगताच येत नाही. ते विचारण्याची तसदी पडद्यावरच्या विक्रेत्याने घेतली नाही आणि समोरच्यानेही घेतली नाही.

आपण घेतली. आपण उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडचे, तेथील हातविणीच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचे आपण अभिमानाने सांगितलेत, आणि त्याच दमात म्हणालात, "पण आमच्या गावचा लोकरीचा गालिचा या खोलीत घालू नका." लोकर ओल धरते, पाणी सांडले तर लवकर वाळत नाही आणि दमट हवेत तिला कुबट वास येतो व कसरही लागते, हे आपण समजावलेत. आखूड दशांचे, दाट विणीचे नायलॉनचे कार्पेट आपण सुचवलेत, कारण नायलॉनची दशी दबली तरी पुन्हा उभी राहते. खाली मऊ फोम न घालता पातळ आणि टणक अंडरले, म्हणजे कार्पेटखालचे अस्तर, घालायला सांगितलेत. महाग माल विकण्याची संधी समोर असताना गिऱ्हाइकाला स्वस्त मालाकडे वळवणारा दुकानदार मी बऱ्याच काळाने पाहिला.

पण चाचा, हे पत्र लिहायला मला लावले ते याहून लहान गोष्टीने.

माप घ्यायला आपण आलात, तेव्हा खोलीत आम्ही सगळे होतो आणि नेहमीप्रमाणे सगळे एकदमच बोलत होतो. आईंना ऐकू कमी येते, त्यामुळे आजारपणापासून घरात येणारा प्रत्येक जण त्यांच्याविषयीचे प्रश्न आम्हाला विचारतो. डॉक्टरही तसेच करतात आणि नातेवाईकही. आपण टेप गुंडाळून खिशात ठेवलात, पलंगासमोर फरशीवर मांडी घालून बसलात, म्हणजे आपला चेहरा त्यांच्या समोर आला, आणि आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून त्यांनाच विचारलेत, "आई, रात्री उठता तेव्हा कोणत्या बाजूने उतरता? पहिला पाय कुठे पडतो?"

आई क्षणभर आमच्याकडे पाहू लागल्या, उत्तर आम्ही द्यावे म्हणून. आपण मात्र नजर त्यांच्यावरच ठेवलीत. मग त्या सावकाश उठल्या आणि वॉकर धरून त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. डाव्या बाजूने उतरतात, आधी कपाटाच्या कडेला हात लावतात, मग बाथरूमकडच्या बोळाच्या तोंडाशी वळतात. आपण त्यांच्या बाजूने बसल्या बसल्या सरकत होतात, आणि जिथे जिथे त्यांचे पाऊल टेकले तिथे तिथे खडूने छोटी फुली मारत होतात. बोळाच्या तोंडाशी वळताना त्यांची पावले अगदी जवळजवळ पडतात, म्हणून तेथे फुल्यांची गर्दी झाली. आपण तिच्याकडे बोट दाखवून म्हणालात, "इथे सांधा येऊन चालणार नाही."

मला त्यातला हिशेब नंतर कळला. खोली ९ फूट रुंद आणि ११ फूट लांब, पुढे ३ फूट रुंदीचा ४ फुटांचा बोळ. रोल १२ फूट रुंदीचा. ११ फूट कापड घेतले की बाजूला ३ फुटांची पट्टी उरते, तिच्यातून बोळ सहज निघतो, आणि कोणीही कारागीर तसेच करील, कारण त्यात जास्तीचे कापड लागत नाही. फक्त सांधा नेमका त्या फुल्यांवर येतो. आपण खोली आणि बोळ मिळून १५ फुटांचा अखंड तुकडा कापलात. पैसे ११ फुटांचेच घेतलेत, आणि मी हुज्जत घालू लागल्यावर उरलेल्या कापडाची पायपुसणी शिवून विकता येतील, असे सांगून विषय संपवलात. कार्पेट चिकटवण्याच्या सोल्यूशनचा वास जाईपर्यंत आईंना दुसऱ्या खोलीत झोपवा आणि खिडकी उघडी ठेवा, हेही आपणच बजावून गेलात.

त्या पैशांचे मोल मला आहेच, पण आईंच्या मनात राहिला तो आपला प्रश्न. त्या दिवशी जेवताना त्यांनी आम्हाला सांगितले, "त्यांनी मला विचारले." एवढेच, पण दोनदा सांगितले. पडल्यापासून त्या स्वतःच्याच घरात इतरांनी उचलून ठेवायची वस्तू झाल्या होत्या, आणि आम्ही काळजीच्या भरात तसेच वागत होतो. परक्या घरी माप घ्यायला आलेल्या आपल्याला त्यांची चाल त्यांनाच ठाऊक असणार हे सुचले. सभ्यपणा म्हणून आपण पुष्कळदा गोड बोलण्याचे कौतुक करतो. शोरूममधले सगळेच गोड बोलत होते. ज्याच्यासाठी काम करायचे त्याच्याकडे पाहून काम करणे हा सभ्यपणा अधिक कष्टाचा आहे, त्याला वेळ लागतो, कधी ४ फूट कापड लागते, आणि त्याची पावती कोणी मागत नाही.

आई आता रात्री एकट्या उठतात. पहिल्या रात्री आम्ही दोघे दाराआड जागे होतो, हे त्यांना अजून ठाऊक नाही. आता आम्ही झोपतो.

आपल्याबरोबर आलेल्या मुलालाही आमचे आभार सांगावेत. दाराची खालची कड कार्पेटवर घासू नये म्हणून त्याने दार उतरवून, तासून, पुन्हा बिजागऱ्यांवर चढवले आणि भुसा स्वतः झाडून नेला. आमच्या मजल्यावरच्या आजोबांच्या खोलीचेही असेच काम करायचे आहे, त्यांच्या मुलाला मी आपल्या दुकानाचा रस्ता सांगितला आहे. तो संपर्क करील तेव्हा माप फोनवरच देऊ लागेल, ते कृपया घेऊ नका. आजोबा दुपारी चारनंतर जागे असतात, तेव्हाच या, आणि येताना आमच्याकडे चहा घेऊन मग तिकडे जा, असा आईंचा निरोप आहे.

आपली कृतज्ञ,
पोखरण रोडवरच्या आईंची सून, ठाणे