'भाराभर चिंध्या' आणि एक इस्त्री

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश कलावंत लिंडर स्टर्लिंग यांच्यावरचा लेख वाचला. पंकसारख्या, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या बंडखोर रॉक संगीताच्या, विषयाला आपण अर्धं पान दिलंत याचा आनंद झाला. पण लेखाच्या शेवटी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आली आणि मी पेन शोधायला उठलो. बाईंनी गाणं, कोलाज (कापलेली चित्रं जोडून केलेलं चित्र), छायाचित्रं, नृत्य सगळ्यात हात घातला, म्हणून कशातच धड 'करिअर' झालं नाही, असा एकूण सूर.

मला संगीतातलं फारसं कळत नाही. मी २७ वर्षं छापखान्यात पेस्टिंग केलं. ब्रोमाइड, म्हणजे मजकुराचा फोटोकागद, कापायचा, रबर सोल्यूशन लावायचं, लाइट टेबलवर ओळ तिरकी तर नाही ना ते बघायचं. कॉम्प्युटर आले आणि माझा कटर खणात गेला. तो पुन्हा बाहेर निघाला लेकीमुळे. ती तिघांच्या एका बँडमध्ये बेस वाजवते. एका रात्री जमिनीवर बँडच्या रेकॉर्डची दोनशे कागदी पाकिटं पसरून बसली होती आणि एकाचीही घडी सरळ बसत नव्हती. 'बाबा, तुमची स्टीलची पट्टी द्या ना,' म्हणाली. आधी बोथट पात्याने रेघ दाबून घ्यायची, मग घडी मारायची, हे मी तिला दाखवलं. पंक माझ्याकडे आलं ते असं, गाण्याच्या आधी पाकिटातून.

नंतर कळलं की ही घड्या मारायची रीत बरीच जुनी. वॉशिंग्टनमध्ये १९८० साली काही पोरांनी डिस्कॉर्ड नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. पाकीट कसं बनतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी एका रेकॉर्डचं पाकीट उकलून सपाट केलं, त्यावरून नमुना काढून छापून घेतलं आणि कात्री-गोंद घेऊन स्वतः बसले. त्याआधी मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने ओळखीपाळखीतून ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतः काढली. पहिल्या प्रती हजार. कुठलं गाणं कितव्या टेकला, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या कितव्या प्रयत्नात, झालं हेही त्यांनी पाकिटामागे छापलं. आमच्या धंद्यात आम्ही प्रूफं जाळून टाकायचो, यांनी चुकाच छापल्या!

त्या रेकॉर्डवर त्यांच्याच कंपनीच्या यादीतला क्रमांक होता १. क्रमांक २ काय होता, ते आपल्या लेखकाने शोधायला हवं होतं. ती रेकॉर्ड नव्हतीच. लिंडर आणि पत्रकार जॉन सॅव्हेज यांच्या कोलाजांची ती पुस्तिका होती, १९७८ सालची. त्याच शहरातल्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीच्या यादीत क्रमांक १ हे एक पोस्टर आहे आणि ५१ हा चक्क एक नाइटक्लब. गाणं खरं काम आणि चित्र जोडधंदा, असा हिशोब तिथे कोणी मांडतच नव्हतं. आपला लेख मात्र त्याच हिशोबाने बाईंना नापास करतो.

आता आपण लेखासोबत छापलेल्या त्या प्रसिद्ध पाकिटाबद्दल. बझकॉक्सची पुढची रेकॉर्ड मोठ्या कंपनीने काढली, १९७७ मध्येच. (गाण्याचं नाव आपण छापलं नाहीत, मीही लिहीत नाही. घरात नातवंडं पेपर वाचतात.) त्यावरचं कोलाज लिंडर यांचं, तेव्हा त्या ग्राफिक डिझाइन शिकत होत्या. विवस्त्र बाई, डोक्याच्या जागी इस्त्री, स्तनांवर हसरी तोंडं. एकीकडे बायकांची मासिकं, दुसरीकडे पुरुषांची मासिकं. काचेवर ठेवून सर्जनच्या सुरीने कापायचं आणि एकमेकांवर चिकटवायचं. मी भिंग घेऊन बघितलं. इस्त्रीची कड मानेला जिथे मिळते तिथे कात्रीचा संशयही येत नाही. असा जोड हाताला बसायला वर्षं लागतात, हे मी अनुभवाने सांगतो. याला चिंध्या म्हणणाऱ्याने एकदा पट्टीशिवाय सरळ कापून दाखवावं.

१९७८ मध्ये त्याच बाई लुडस नावाच्या बँडमध्ये गायला उभ्या राहिल्या. बायका मासिकात कशा दिसतात हे आधी कापून बघितलं, मग तेच तोंडाने ओरडून सांगितलं. मला तरी हे एकच काम वाटतं.

एक चूक मात्र दुरुस्त करायलाच हवी. मांसाचा पोशाख घालून मंचावर येण्याची कल्पना लिंडर यांनी एका अमेरिकन पॉपगायिकेवरून उचलली, असं लेखात सुचवलं आहे. लेडी गागा यांचा तो पोशाख २०१० चा. लिंडर १९८२ मध्येच मँचेस्टरच्या हासिएंडा क्लबात कोंबडीच्या टाकाऊ मांसाचा पोशाख घालून गायल्या होत्या. अठ्ठावीस वर्षांचं अंतर आहे, साहेब.

पैशाबद्दल लेखकाने लिहिलं ते मात्र खरं आहे, त्यावर मी भांडणार नाही. लेक नोकरी करून हे सगळं करते. गाणं तिचं, पोस्टर तिचं, हिशोबाची वही तिची आणि कार्यक्रम संपल्यावर अँप्लिफायर जिन्यावरून उतरवायचा तोही तिनेच. गाण्यांपेक्षा टी-शर्ट जास्त खपतात, म्हणून शर्टवरचं चित्र ती गाण्याइतकंच जिवावर घेते. कधी थकून म्हणते, 'यातलं एक कोणीतरी करून द्या.' मी घड्या मारून देतो, तेवढंच जमतं. पण लिंडर यांचं मोठं प्रदर्शन लंडनच्या हेवर्ड गॅलरीत २०२५ मध्ये भरलं, त्या इस्त्रीनंतर ४८ वर्षांनी. तोवरच्या वर्षांना 'करिअर नव्हतं' म्हणायचं असेल तर मग माझ्या २७ वर्षांचंही काय ते लेखकाने सांगावं.

शेवटी एक तक्रार, छापखान्यातल्या माणसाची. आपण ते पाकीट काळंपांढरं छापलंत, तेही इस्त्री निम्मी कापून. मूळ पिवळ्यावर निळं आहे. पुन्हा छापाल तेव्हा कड सोडून, त्याच रंगात छापा. दोनच शाया लागतात.

आपला,
एक निवृत्त पेस्टिंगवाला