शनिवारच्या शर्यतीआधी वाच

बाळ,

परवा फोनवर तू बोललीस ते सगळं ऐकून घेतलं, पण आई शेजारी होती आणि तुला पण क्लबला जायची गडबड होती, म्हणून मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहितोय. जरा मोठं होणार आहे, मेसेज वाचल्यासारखं वरवर वाचू नको, चहा घेऊन बस.

पहिलं ते 114 नंबरचं. "पप्पा, एकशेचौदावा आलो मी, लाज वाटली." तीन वर्षं मँचेस्टरला राहून पण तू अजून आपल्या कोल्हापूरच्या पोरींसारखी आलो-गेलो म्हणतेस, ते ऐकलं की मला घरात असल्यासारखीच वाटतेस. पण लाज कसली गं? क्रॉस कंट्रीत, म्हणजे रानाचिखलातनं पळायच्या शर्यतीत, टीमचा हिशोब नंबरांच्या बेरजेवर असतो, ज्यांची बेरीज कमी ते वर. तूच सांगितलंस की तुमच्यातल्या पहिल्या चौघींचे नंबर धरतात आणि तू क्लबची चौथी होतीस. म्हणजे तुझा 114 त्या बेरजेत बसलाय. शेवटच्या चढाला तू ज्या दोघींना मागं टाकलंस त्याचे दोन नंबर क्लबचे वाचले. रोडवरच्या शर्यतीत 114 काय आणि 116 काय, कुणी विचारत नाही. इथं विचारतात. मला कॉलेजात असल्यापासून क्रॉस कंट्री आवडायची ती याच्यासाठीच, मागं पडलेल्या माणसाच्या पळण्याला पण किंमत असते.

तुझ्या मैत्रिणीनं काढलेला व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल, आई म्हणाली आता बास करा. ओढ्याजवळच्या वळणावर तुझा बूट रुतला आणि तू जवळजवळ थांबलीस, ते थांबवून थांबवून बघितलं. तिथं तू घाईनं लांब ढांग टाकलीस. चिखलात लांब ढांग टाकायची नाही, टाच आत गेली की चिखल तिला ओढून धरतो. बारकी बारकी पावलं, पाय सपाट, हात जरा बाहेर, आणि नजर बुटाकडं नाही तर दहा-बारा फूट पुढं. तुला आठवतंय का आपण पन्हाळा ते पावनखिंड गेलो होतो, तू नववीत होतीस, जुलैचा पाऊस, मसाई पठार ओलांडून खाली उतरलो तर सगळी वाट तांबडी राड झालेली. वाटेच्या मधनं चालणारे धडाधड घसरत होते आणि तू कुणी न सांगता कडेच्या गवतावरनं चाललीस. तेच इथं कर. पुढच्या शे-दोनशे जणींनी तुडवलेल्या पट्ट्यातनं जाऊ नको, कडेला गवताची मुळं असतात, तिथं बुटाच्या तळाचे खिळे, तुमचे ते स्पाइक, धरतात. चार पावलं जास्त पडली तर पडूदेत. आणि एवढा चिखल असेल तर 9 मिलिमीटरचे खिळे काढून 15 चे बसव. लेस ओली करून डबल गाठ मार, मग बूट पायातनं सुटायचा नाही. घरी आल्यावर धुऊन आत पेपरचे बोळे कोंबून ठेव, हीटरजवळ अजिबात ठेवू नको, चिकटवलेला तळ सुटतो. माझी आजी माझे कॅनव्हासचे बूट चुलीपासून चार हात लांब ठेवायची आणि बोळे दोनदा बदलायची.

आता मुद्द्याचं. रोज पहाटे रंकाळ्याला फिरायला जायच्या आधी मी तुझ्या पळण्याची नोंद ठेवणारं ॲप उघडतो, तेव्हा तुमच्याकडं आदल्या रात्रीचे बारा वाजत आलेले असतात. गेल्या महिनाभराचं सगळं वहीत उतरवून काढलं. मंगळवारी क्लबबरोबर जोरात. गुरुवारी परत जोरात. शनिवारी शर्यत, जीव तोडून. आणि रविवारी 26 किलोमीटर, ते पण किलोमीटरला 5 मिनिटं 25 सेकंदांनी. बाळ, एप्रिलमध्ये तुला 3 तास 45 मिनिटांत मॅरेथॉन पळायची आहे, म्हणजे 42.195 किलोमीटर 5 मिनिटं 20 सेकंदांनी. तू तर दर रविवारी जवळजवळ तीच शर्यत पळायला लागलीस, तेही आदल्या दिवशीच्या चिखलानं मोडलेल्या पायांनी. आठवड्यात चार दिवस जोर आणि सावकाश पळण्याचा एकही दिवस नाही. मला हे बघून रात्री झोप लागत नाही, कारण हे मी केलेलं आहे.

घरात ती स्टीलची कळशी आहे बघ, काठाला पोचा आलेली, आई पिण्याचं पाणी भरते ती. ती मला 1987 च्या जानेवारीत एका गावच्या जत्रेतल्या शर्यतीत दुसऱ्या नंबरला मिळाली. त्या हिवाळ्यात मी युनिव्हर्सिटीकडनं क्रॉस कंट्री पळत होतो आणि शिवाय जिल्ह्यात कुठंही जत्रा असली, शर्यत असली की रविवारी एसटी पकडून तिथं हजर. कुठं कळशी, कुठं टॉवेल-टोपी, कुठं 51 रुपये. उसाच्या फडातनं, ढेकळातनं, बैलगाडीच्या चाकोरीतनं पळायचो आणि प्रत्येक वेळी पहिल्या हाळीपासनं जोरात. मला वाटायचं जितक्या शर्यती तितका दम वाढतोय. त्याच वर्षी मार्चमध्ये मी पहिली मॅरेथॉन पळणार होतो, नाव दिलं होतं, पैसे भरले होते.

फेब्रुवारीत डाव्या नडगीला दुखायला लागलं. सुरुवातीला पळायला लागलं की दुखायचं आणि गरम झालं की थांबायचं, म्हणून मी मनावर घेतलं नाही. मग चालताना दुखायला लागलं, मग रात्री अंथरुणात. नडगीच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी, चार आण्याच्या नाण्याएवढ्या जागेत, बोट टेकवलं तरी कळ डोक्यात जायची. मी पट्टी बांधून अजून दोन रविवार पळालो. पहिल्या एक्सरेत काही दिसलं नाही, डॉक्टर म्हणाले स्नायू असेल, मला तेच ऐकायचं होतं. तीन आठवड्यांनी दुसरा काढला तेव्हा हाडाला बारीक रेघ. छातीवर लावायचा नंबर पोस्टानं घरी आला त्या दिवशी मी कुबडी घेऊन दारात उभा होतो. पुढच्या वर्षी आजोबा आजारी पडले, मग नोकरी लागली, मग तुम्ही झालात. मॅरेथॉन राहिली ती राहिलीच. मला त्याचं वाईट वाटतं, आजपण वाटतं, तुला कधी असं सरळ बोललो नव्हतो.

म्हणून सांगतो, लांबवर पसरून दुखत असेल तर बर्फ लाव, दोन दिवस थांब. पण हाडावर एकाच जागी बोटानं दाबून दुखलं तर त्याच दिवशी पळणं बंद आणि डॉक्टरकडं. क्लबला काय वाटेल, टीम अडचणीत येईल, काही नाही.

1952 च्या हेलसिंकीचं मी तुला लहानपणी कितीदा सांगितलंय, खाशाबा जाधवांचं, राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्रिन्सिपलांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवलं ते. त्याच ऑलिंपिकात चेकोस्लोव्हाकियाचा झाटोपेक पहिल्यांदाच मॅरेथॉन पळाला आणि 2 तास 23 मिनिटांत जिंकला. त्याच्याबरोबर इंग्लंडचा जिम पीटर्स होता, त्या घडीला जगातला सगळ्यात जलद वेळ त्याच्या नावावर. सुरुवातीलाच तो एवढ्या जोरात सुटला की 30 किलोमीटरच्या पुढं पायाला गोळे आले आणि शर्यत सोडावी लागली. एवढ्या मोठ्या माणसाचं असं झालं. साधारण 30-32 किलोमीटरला शरीरातली साठवलेली साखर संपत येते, पाय शिशाचे होतात, आणि तिथनं पुढं तुला घेऊन जाणारी ताकद ही जोरात पळून येत नाही, महिनोन्महिने सावकाश पळून येते.

आता राहिलेल्या चार क्रॉस कंट्रीतल्या दोन मनापासून पळ, दोन टीमसाठी नुसत्या पूर्ण कर. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीचं लांब पळणं किलोमीटरला 6 मिनिटं 15 ते 30 सेकंदांनी, शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वेग लागतो तर मंगळवारी पळ, गुरुवार हलका ठेव. मार्चमध्ये एकदा-दोनदा 30-32 किलोमीटरपर्यंत जा, शेवटचे तीन आठवडे कमी करत आण. त्या तीन आठवड्यांत तुला वाटेल पाय गंजले, नवीनच काहीतरी दुखायला लागलं. तसं सगळ्यांना होतं, घाबरून ज्यादा पळायला जाऊ नको.

खाण्याचं आईनं वेगळं लिहिलंय, मी दोनच सांगतो. लांब पळताना तासाला 60 ग्रॅमपर्यंत कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, तुमची ती पळताना खायची साखरेची जेल चालते, पण रविवारीच पोटाला सवय लाव, मॅरेथॉनच्या दिवशी नवीन काही नको. दुसरं, तिथं डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो म्हणालीस, ऑफिसातनं निघेपर्यंत अंधार, म्हणजे अंगाला ऊन लागतंय कुठं? व्हिटॅमिन डी ची 10 मायक्रोग्रॅमची गोळी रोज घे आणि हिमोग्लोबिन, आयर्न तपासून घे. दम लागतो म्हणालीस ना जिना चढताना, ते मला आवडलेलं नाही.

इकडं ऊसतोड जोरात आहे, रात्रभर ट्रॉल्या चालू आहेत, सकाळी पंचगंगेवर धुकं एवढं की समोरचा घाट दिसत नाही. काल गंगावेशला दूध कट्ट्यावर गेलो होतो, समोर म्हैस पिळून ग्लास हातात, शेजारी तालमीतली दोन पोरं सपाटे मारून आलेली, मिशीला फेस. तुझी फार आठवण आली, शाळेत असताना पळून आल्यावर तू असाच ग्लास एका दमात संपवायचीस.

कुरिअर केलंय. तिळगूळ, नाचणीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि गुऱ्हाळावरनं आणलेला गूळ, त्याचे मी सुपारीएवढे खडे करून बटर पेपरात गुंडाळलेत, रविवारी खिशात टाकायला बरे. चिकट होणार नाहीत, मी चार दिवस खिशात घेऊन फिरून बघितले.

शनिवारी तुझी शर्यत दुपारी एकला म्हणजे आमचे साडेसहा. मी फोन हातात घेऊनच बसणार आहे. नंबर नंतर कळव, आधी नडगी दाबून बघ आणि दुखतंय की नाही ते सांग.

तुझा,
पप्पा