सौभद्राचे पास वाटू नका

एडिसन, न्यू जर्सी
१९ जानेवारी २०२५

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही बोलता बोलता जे सांगितलंत, ते आठवडाभर डोक्यातून गेलेलं नाही. आपलं नाट्यमंडळ संगीत सौभद्र बसवतंय हे ऐकून मला केवढा आनंद झाला होता. पण निम्म्या लोकांचं म्हणणं पडलं की पाच अंकांचं नाटक दोन तासांत उरकावं, ऑर्गन-तबल्याऐवजी आधीच मुद्रित केलेले ट्रॅक लावावेत आणि तिकीट ठेवूच नये, पास वाटून मोकळं व्हावं. का, तर "संगीत नाटकाला आता येतंय कोण?" आणि तुम्ही त्यावर गप्प बसलात, हे मला जास्त लागलं. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. आईला वाचून दाखवा, आणि वाटलं तर मंडळाच्या बैठकीतही.

आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर मिलबर्न नावाचं गाव आहे. तिथे एका ओढ्याकाठी जुन्या कागद गिरणीच्या जागेवर पेपर मिल प्लेहाउस नावाचं नाट्यगृह आहे. साधारण बाराशे खुर्च्या. न्यू यॉर्क इथून इतकं जवळ, तरी हे गावचं नाट्यगृह म्हणून टिकून आहे. १९३४ मध्ये संस्था निघाली, १९३८ मध्ये पडदा वर गेला. मुख्य काम संगीत नाटकांचं. जुनी नव्याने उभी करायची आणि अधूनमधून कोरं करकरीत नाटक बसवून पाहायचं. इथली पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे नाटक गावोगाव फिरतं, आज कोल्हापूर, उद्या सांगली, परवा इचलकरंजी, मागून सेटचा टेम्पो. इथे नाटक हलत नाही. एकाच रंगमंचावर चार-पाच आठवडे मुक्काम, आठवड्याला आठ प्रयोगांच्या हिशेबाने. म्हणजे आठवड्याला साडेनऊ हजारांवर खुर्च्या विकायच्या. तुम्ही बुकिंगला बसलेले आहात, त्या आकड्याचं ओझं तुम्हाला मी सांगायला नको.

पूर्वी हे ओझं कसं पेलायचं, ते मला आमच्या शेजारच्या आजींकडून कळलं. त्या आणि त्यांचे यजमान चाळीस वर्षांपासूनचे वर्गणीदार. वसंतात पुढच्या वर्षाचं पत्रक यायचं, हे चेक पाठवायचे आणि वर्षभरातल्या सगळ्या नाटकांना त्याच दोन खुर्च्या यांच्या. नाटक कुठलं हे बघायचेसुद्धा नाहीत. अशी हजारो माणसं असली की सुताराचे, शिंप्याचे, वादकांचे पैसे तालमीच्या आधीच हातात असतात. यजमान गेल्यावर आजींनी दोन वर्षं दोन्ही खुर्च्यांचे पैसे भरले. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून नाटक बघायच्या. मग २०२० च्या मार्चमध्ये सगळीच नाट्यगृहं बंद झाली, आणि उघडली तेव्हा आजींनी वर्गणी पुन्हा भरली नाही. आता एकेका नाटकाचं तिकीट काढतात, तेही आठवडाभर आधी, गुडघा कसा आहे ते बघून.

अशा आजी देशभर आहेत, आणि इथल्या नाट्यगृहांचं दुखणं तेच आहे. प्रेक्षक मेला नाही. तो आधी पैसे द्यायचा थांबला. प्रयोग तोंडावर आला तरी निम्मा प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा तक्ता, पांढरा, आणि शेवटच्या दहा दिवसांत भरला तर भरला. तेवढा धीर धरायला खिशात पैसा लागतो. तो नसला की काय होतं ते आम्ही बघतोय. जवळच्या कनेटिकटमधल्या लाँग वॉर्फ थिएटरने २०२२ मध्ये आपली वर्षानुवर्षांची वास्तू सोडली. लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरमने २०२३ मध्ये प्रयोगच थांबवले होते, वर्षभराने पुन्हा सुरू केले. मोठी नावं आहेत ही.

या ओढाताणीत जुनं संगीत नाटक हा आधार ठरतो. जे नाव लोकांच्या घरात आधीच आहे, ज्याची गाणी आजीपासून नातीपर्यंत तोंडात आहेत, त्याला प्लॅन लवकर भरायला लागतो. आमच्या पेपर मिलचंच बघा. २०२३ च्या हिवाळ्याआधी त्यांनी 'द ग्रेट गॅट्सबी' हे नवं संगीत नाटक पहिल्यांदा उभं केलं, जे पुढे २०२४ मध्ये ब्रॉडवेवर गेलं. आणि लगेच डिसेंबरात, सुट्टीच्या दिवसांत, 'फिडलर ऑन द रूफ'. ते १९६४ चं. एक नवं, एक साठीला आलेलं. माझ्या मते हंगाम असाच बांधावा. नव्यात धाडस करायचं तर जुन्याचं खांब म्हणून उभं राहणं लागतंच.

त्या फिडलरला आजींनी मला आणि तुमच्या नातीला बरोबर नेलं. आठवड्याच्या मधल्या वारचा दुपारचा प्रयोग होता. वृद्धाश्रमांच्या दोन बसगाड्या दारात उभ्या, वॉकर घेतलेली माणसं एकेक पायरी चढत होती. मला वाटलं, झालं, तुमच्या मंडळातले लोक म्हणतात तेच खरं, हा म्हाताऱ्यांचा खेळ. पण आत गेल्यावर दिसलं की जवळजवळ प्रत्येक म्हाताऱ्या माणसाशेजारी एखादं पोर बसलंय. सुट्ट्या होत्या, नातवंडांना घेऊन आले होते. पुढच्या रांगेतला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा आजोबांना विचारत होता की हे वाजवणारे खरे आहेत का.

खरे होते, बाबा. मध्यंतरात मी मुद्दाम पुढे जाऊन कठड्यावरून खाली पाहिलं. वादकांचा खड्डा अगदी अरुंद. प्रत्येकाच्या स्टँडवर छोटा दिवा, नोटेशनच्या कागदांवर शिसपेन्सिलीच्या खुणा, कुठे गोल, कुठे बाण. क्लॅरिनेटवाला वाद्य सोडवून आतून फडकं ओढून पुसत होता. हुबेहूब आपले ऑर्गनवाले काका मध्यंतरात पट्ट्यांवरून पंचा फिरवतात तसं. तो मुलगाही तिथे आला होता आणि त्याची नजर त्या फडक्यावरून हलेना. नाटक संपल्यावर निम्मी माणसं दाराकडे जायच्या ऐवजी कठड्याशी गोळा झाली आणि वादकांचं शेवटचं वाजवणं पुरं होईपर्यंत उभी राहिली, मग टाळ्या. हे ट्रॅकला कोण करेल? घरी फोनवर पाहिजे ते गाणं पाहिजे तेव्हा लागतं. मग शंभर मैलांवरून गाडी काढून, जेवणाचे आणि पार्किंगचे पैसे मोजून माणूस येतो तो समोर घडताना बघायला. वादक काढून टाकले की यायचं कारणच तुम्ही काढून टाकलंत. इथे वादकांचा खर्च भारी पडतो, वर नाटकाच्या हक्कांचे पैसे वेगळे, आणि एक गाणंसुद्धा परवानगीशिवाय गाळता येत नाही. आपल्या सौभद्राला ते काहीच नाही. किर्लोस्करांनी १८८२ मध्ये रंगभूमीवर आणलेलं नाटक, कुणाला दमडी द्यायची नाही. खर्च काय तो ऑर्गन, तबला, व्हायोलिन आणि पोशाखांचा. त्यातलाच ऑर्गन कापायचा?

लांबीबद्दलही माझं म्हणणं आहे. कापायला हरकत नाही, पूर्वीही गायकाच्या तब्येतीप्रमाणे पदं कमी-जास्त व्हायचीच. पण 'लोक कंटाळतील' या भीतीने कापू नका. ऐकणाऱ्याला आधीच माफी मागितल्यासारखं वाटतं ते. आई सुभद्रा करायची तेव्हा 'वद जाऊ कुणाला शरण'ला वन्समोअर मिळाला की बाबा, तुम्ही विंगेत घड्याळाकडे पाठ करून उभे राहायचात. मला आठवतंय.

आणि आता तिकिटाचं. माझ्या लहानपणी आपल्या पुढच्या खोलीतल्या टेबलावर प्लॅन पसरलेला असायचा. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचा, रांगारांगांचा. तुम्ही लाल पेन्सिलीने विकलेल्या खुर्च्यांवर फुली मारायचात आणि पासांना निळा गोल. प्रयोगाच्या रात्री घरी आल्यावर तुम्हीच सांगायचात, फुल्यांच्या सगळ्या खुर्च्या भरल्या, निळे गोल निम्मे रिकामे. "फुकटचा पासवाला पावसाचं निमित्त शोधत असतो," हे वाक्य तुमचं आहे. मी विसरलेले नाही, तुम्ही कसं विसरलात? १९२१ मध्ये गायक-नट केशवराव भोसले आणि बालगंधर्वांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत मानापमान नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, तोही तिकीट लावूनच. लोकांनी त्या काळात शंभराची नोट मोजली.

तिकीट ठेवा, पण दोन दर ठेवा. इथल्या बऱ्याच नाट्यगृहांत विद्यार्थ्यांना अगदी थोड्या पैशांत खुर्ची मिळते, कुठे प्रयोगाच्या दिवशी उरलेली तिकिटं स्वस्तात सोडतात. तुम्ही देवल क्लबात गाणं शिकणाऱ्या आणि विद्यापीठातल्या संगीताच्या मुलांसाठी मागच्या चार रांगा कमी दरात राखून ठेवा. कमी दरात, फुकट नाही. आणि आजोबा-आजींसोबत नातवंड आलं तर त्याला अर्धं तिकीट. शेवटच्या आठवड्यापर्यंत प्लॅन पांढरा दिसला तर घाबरून पास काढू नका. माणसं आता उशिराच ठरवतात, तिकडेही आणि इकडेही.

एक गोष्ट मात्र इथली मला आवडत नाही, आणि तीही तुम्हाला सांगायला हवी. लोक ओळखीच्या नावाला येतात म्हणून सगळेच तीच पाच-सात नावं फिरवतात. २०२२ च्या डिसेंबरात पेपर मिलला 'साउंड ऑफ म्युझिक' होतं, मग फिडलर. दोन्ही उत्तम. पण कमी ओळखीची चांगली जुनी नाटकं कपाटातच राहतात. आपल्याकडे वेगळं काय आहे? सौभद्र, मानापमान, कट्यार. २०१० मध्ये कट्यार नव्याने आली तेव्हा मी पुण्यात होते, तिकिटासाठी रांगेत उभी राहिले होते. पुढे २०१५ मध्ये सिनेमा आला, आत्ता या महिन्यात मानापमानाचाही आला. छान आहे. पण सौभद्र चाललं तर पुढच्या वर्षी मंडळाने असं काहीतरी काढावं जे तुमच्या पिढीतल्या चार गायकांनाच येतं. ते गेले की ती पदं कुणाला विचारणार?

केशवराव भोसले नाट्यगृहाचं काम कुठवर आलं ते कळवा. गेल्या ८ ऑगस्टच्या रात्री ते आगीत जळताना तुम्ही व्हिडिओ पाठवलात तो मी इथे कचेरीत पाहिला आणि बाहेर जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेली वास्तू, आणि शेजारी खासबाग मैदानात माणसं नुसती बघत उभी. शेजारच्या आजींना मी दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, आमचंही जळलं होतं. मला ठाऊकच नव्हतं. जानेवारी १९८० मध्ये पेपर मिल आगीत गेलं आणि १९८२ मध्ये त्याच जागी पुन्हा उघडलं. एवढ्यावर संपलं नाही. २००७ मध्ये पैसे संपून बंद पडायची वेळ आली, तेव्हा पुढच्या वर्षी मिलबर्न गावाने ९० लाख डॉलर देऊन इमारत विकत घेतली आणि नाट्यगृहालाच भाड्याने दिली. २०१६ मध्ये त्याच संस्थेला देशातल्या उत्तम प्रादेशिक नाट्यगृहाचं टोनी पारितोषिक मिळालं. आपलं तर आधीपासूनच महापालिकेचं आहे. वास्तू उभी राहील. पण ती उभी राहील त्या दिवशी लावायला नाटक आणि ते बघायला सवयीचा प्रेक्षक लागेल, आणि तो आत्ता, दुसऱ्या हॉलमध्ये, तिकीट काढायला लावूनच तयार करावा लागेल.

फिडलरबद्दल अजून एक लिहायचं राहिलं. त्यातला तेव्या दूधवाला आहे, पाच मुली, गरिबी. एकेक मुलगी आपल्या मनाने लग्न करते. पहिल्या दोघींना तो कसाबसा होकार देतो. तिसरी धर्माबाहेर जाते तेव्हा पाठ फिरवतो. ती हाका मारते आणि तो वळत नाही. माझ्या लग्नानंतर चार महिने तुम्ही फोनवर आला नव्हतात, बाबा. आई बोलायची आणि मागे मला तुमचा खोकला ऐकू यायचा. नाटकाच्या शेवटी गाव सोडताना तो मुलीकडे न बघता तिच्यासाठी देवाचं नाव घेतो, एवढंच. आजींनी माझा हात धरला होता. साठ वर्षं जुन्या नाटकात, परक्या भाषेत, परक्या गावात मला माझं घर दिसलं. सौभद्रातही बहिणीचं लग्न भाऊच ठरवतोय आणि तिला ते नकोय. कोल्हापुरात आज ते कुणाच्या घरात नाही?

प्रयोगाची तारीख ठरली की लगेच कळवा, मी त्याप्रमाणे रजा टाकते. नातीलाही आणते आहे. प्लॅन उघडला की पाचव्या रांगेतल्या मधल्या तीन खुर्च्यांवर लाल फुली मारा, तिसरी आईची. पैसे आजच तुमच्या खात्यावर पाठवले आहेत, पूर्ण दराने. आणि ऑर्गनचा डावीकडचा भाता मागच्या दिवाळीला हवा सोडत होता, तो तालमी सुरू व्हायच्या आधी मिरजेला नेऊन दाखवा.

तुमची लेक