राखाडी

बाल्टिमोर,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय दिल्या,

२०१८ साली मी तुला फोनवर ठासून सांगितलं होतं की एमी शेराल्ड या चित्रकर्तीने केलेलं मिशेल ओबामांचं ते चित्र साफ फसलंय. ते शब्द मागे घ्यायला हे पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून टपालाने पाठवतोय. निवांत वाच.

तेव्हा आम्ही वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत गेलो होतो. फेब्रुवारीत चित्राचं अनावरण झालं आणि गर्दी अशी लोटली की महिन्याभरात ते मोठ्या दालनात हलवावं लागलं. आम्हीही रांग लावली. सहा फूट उंच, पाच फूट रुंद. मागे सपाट फिकट निळा, मधोमध मिशेल, हनुवटीखाली हात, आणि पांढऱ्या झग्याचा घेर असा पसरलेला की डोंगरच. त्यावर काळे, लाल, पिवळे भौमितिक तुकडे. अलाबामात गीज बेंड नावाचं गाव आहे, तिथल्या बायकांच्या गोधड्या प्रसिद्ध. एमी शेराल्डला त्या झग्यात त्या गोधड्या दिसल्या. इथवर सगळं झकास. पण चेहरा राखाडी! वर तो मिशेलबाईंसारखा दिसेना. मी तुला म्हटलं होतं, अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा पहिला थर, करून चित्रकार चहाला गेली ती परत आलीच नाही.

गंमत बघ, तो विनोद निम्मा खरा निघाला.

एमीचा जन्म १९७३चा, जॉर्जिया राज्यातल्या कोलंबसचा. वडील दातांचे डॉक्टर. शाळेच्या सहलीत ती गावच्या संग्रहालयात गेली आणि तिथे चित्रकार बो बार्टलेटच्या एका भल्यामोठ्या चित्रात तिला काळा माणूस दिसला. चित्रात आपल्यासारखं माणूसही असू शकतं, हे तिला त्या दिवशी कळलं. पुढे शिकायला इथे बाल्टिमोरला आली, चित्रकार ग्रेस हार्टिगनच्या हाताखाली, आणि २००४ मध्ये एमएफए (कलेतली पदव्युत्तर पदवी) झाली. मग काही काळ नॉर्वेत चित्रकार ऑड नेरड्रमकडे. नेरड्रम म्हणजे तुझ्या आवडीचा प्रकार: रेम्ब्राँटी अंधार, तपकिरी, चिखलासारखी त्वचा. तिथून शिकून आलेल्या बाईने राखाडीवर थांबावं याचं मला नवल वाटतं.

झालं असं की काळ्यात नेपल्स यलो, म्हणजे फिकट पिवळा, मिसळून ती त्वचेचं अंडरपेंटिंग करायची, वरून खरा रंग चढवायचा म्हणून. एकदा तिला ते तसंच आवडलं. ठेवून दिलं. कारण तिला नंतर सापडत गेलं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी जॉर्जियातल्या काळ्या लोकांचे ३६३ फोटो मांडले होते. कडक इस्त्रीचे कपडे, ताठ मान, नजर सरळ. गुलामगिरी संपून तेव्हा चाळीस वर्षंही झालेली नव्हती. त्या फोटोंत कुणाची कातडी तपकिरी नाही की काळी नाही, सगळी करड्या छटांत. एमीला तेच हवं होतं: बघणाऱ्याने आधी माणूस बघावं, रंगाच्या गोष्टीत लगेच शिरू नये.

हे वाचून मला पटलं नसतं. पटलं ते परवा, इथल्या बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टमध्ये. तिचं ‘अमेरिकन सब्लाइम’ हे प्रदर्शन लागलंय. खरं तर ते वॉशिंग्टनच्या त्या पोर्ट्रेट गॅलरीतच लागायचं, पण त्यात एक चित्र आहे: गुलाबी केसांची ट्रान्स स्त्री, स्वातंत्र्यदेवीच्या आवेशात, मशालीत फुलं. ते वगळायचा विचार चाललाय असं एमीला कळलं आणि जुलैमध्ये तिने सगळं प्रदर्शनच काढून घेतलं. त्या गॅलरीचं म्हणणं, आम्हाला सोबत फक्त एक व्हिडिओ ठेवायचा होता. कोण खरं ते सोड, आमच्या गावाचा मात्र फायदा झाला.

मी अडकलो एका दुसऱ्याच चित्रापाशी, ‘मिस एव्हरीथिंग’. लाल टोपीची तरुणी, पांढऱ्या ठिपक्यांचा गडद निळा झगा, पांढरे हातमोजे, आणि हातात वाडग्याएवढा अवाढव्य कप-बशी. मी नाक लावून बघत होतो, तर पहारेकरी खाकरला. दिल्या, तो राखाडी एक नाही रे! गालावर किंचित ऊब आहे, जबड्याखाली गार पडत जातो. तू हेडस्टडीला, चेहऱ्याच्या सरावाला, कोळसा बोटाने दाबायचास ना, ते मऊपण. मग दोन पावलं मागे सरकलो आणि लाल टोपी अंगावर आली. त्वचेतला रंग काढून घेतल्यामुळे तो सगळा कपड्यांत गेलाय. आणि ती पोरगी तुमच्याकडे बघतेय. रागाने नाही, लाडानेही नाही. ‘बोला, काय काम होतं?’ अशी.

ही माणसं तिला रस्त्यात, दुकानात भेटलेली असतात. ती त्यांना बोलावते, स्वतः निवडलेले कपडे त्यांना घालायला देते, फोटो काढते आणि त्यावरून सावकाश रंगवते. फार थोडी चित्रं होतात वर्षाला.

या चित्रानेच तिला उजेडात आणलं. २०१६ साली पोर्ट्रेट गॅलरीच्या स्पर्धेत अडीच हजारांवर चित्रांतून ते पहिलं आलं, पंचवीस हजार डॉलर मिळाले. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली बाई. पण त्याआधीचं ऐक. अडतीस वर्षांची होईपर्यंत ती याच गावात हॉटेलात वेटरचं काम करत होती. मधली काही वर्षं घरच्यांच्या आजारपणात गेली, ब्रश हातात नाही. तिसाव्या वर्षी ट्रायथलॉनच्या तयारीसाठी म्हणून तपासणी करून घेतली, तर हृदयच निकामी होत चाललेलं निघालं. २०१२ साली भाऊ कॅन्सरने गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जॉन्स हॉपकिन्समध्ये हिच्यात दुसऱ्याचं हृदय बसवलं. या महिन्यात तेरा वर्षं होतील. तेव्हा ती एकोणचाळीसची होती.

सगळंच आवडलं असं समजू नकोस. अलीकडे ती फार मोठी चित्रं करते. ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी, न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये महायुद्ध संपल्याच्या दिवशी टिपलेल्या त्या जुन्या फोटोसारखे चुंबन घेणारे दोन खलाशी. ट्रॅक्टरवाल्यापुढे मला होर्डिंग आठवलं. माणूस एकटा, समोर, हातात काहीतरी धरून, एवढ्यावरच तिचं सगळं जमतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

आमच्या आजीचं चित्र तू केलंस, आठवतं? तिचा एकच फोटो होता, पासपोर्टचा, काळा-पांढरा. रंग तू आठवणीतून लावलास, कारण तिच्या हातच्या भाकरी खाऊनच तू जी.डी. आर्टच्या डिप्लोमाची दोन वर्षं काढलेली. बरोब्बर लावला होतास. आत्या बघून म्हणाली, ‘अगं बाई, एवढी काळी कशाला दाखवलीय?’ आणि मी तुला फोन करून सांगितलं, जरा उजळ कर. तू नुसतं ‘बरं’ म्हणालास. दोन दिवसांनी चित्र आलं तेव्हा आजी गव्हाळ झाली होती. उरलेले पाचशे रुपये तू घेतले नाहीस, आणि मी बावळटासारखा समजलो की दोस्तीखातर सोडलेस.

त्या हॉलमध्ये तो पहारेकरी खाकरला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हारामागची ती गव्हाळ बाई होती. मला ती ओळखूच येत नाही रे. फोटोतली येते.

तर असं कर. तो फोटो दादाकडे आहे, लोखंडी कपाटात, एलआयसीच्या फाइलमध्ये. तो घेऊन ये आणि पुन्हा कर. नेपल्स यलो आणि काळा, वर काही चढवू नकोस. लुगडं मात्र हिरवंगार कर, तिचं इरकली होतं ते. फोटोच्या कोपऱ्यावर अर्धा शिक्का उमटलाय, तोही राहू दे.

पैसे या वेळी पूर्ण घ्यायचे. मागचे पाचशे धरून.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मह्या