आक्का, तुम्ही आम्हाला कामाला लावलंत

प्रिय आक्का,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुम्ही नगरला लेकीकडे गेलात आणि समोरच्या दारी नवे भाडेकरू आले. माणसं चांगली आहेत, पण सकाळी भजन काही ऐकू येत नाही. पत्र सगळ्यांसमोर लिहितेय याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तोंडावर आभार मानले असते तर "बरं बरं, चहा ठेव आधी" म्हणून तुम्ही विषय मोडला असता.

आम्ही दोघंही जन्मानं ख्रिस्तीच. ह्यांचं गाव नेवासा तालुक्यात, माझं माहेर राहुरीचं. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला ठाणं केलं, त्या वळणातली आमची घराणी. बाप्तिस्मा, चर्चमधलं लग्न, सगळं रीतसर झालेलं. तरी पिंपरीत बिऱ्हाड केल्यावर आमचा विश्वास रविवारच्या उपासनेपुरता उरला होता, आणि तीही नाश्त्याला उशीर झाला की चुकायची. मोठमोठ्या मेळाव्यांनाही जाऊन आलो. तिथं लाऊडस्पीकरखाली डोळे भरून येतात, नाही असं नाही. पण सोमवारी सकाळी मुलाचा डबा, पाण्याची वेळ आणि सासूबाईंची गोळी यांत त्याचं काय करायचं, ते तिथं कुणी सांगत नाही.

तुम्हीही सांगितलं नाहीत. तुम्ही काम दिलंत.

पहिलं काम जूनमधलं. शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. तुम्ही येऊन फतकल मारलीत, कात्री हातात घेतलीत आणि पोराला म्हणालात, "प्रत्येक पुस्तकावर हात ठेव आणि देवाला सांग यातलं काय अवघड जातं." त्यानं गणिताच्या पुस्तकावर दोन्ही हात ठेवले. बाहेर पहिला पाऊस लागला होता. तुम्ही बायबलमधलं स्तोत्र ६५ वाचलंत, देव नांगराच्या तासांना भरपूर पाणी देतो, ढेकळं मऊ करतो, ते. शेतकऱ्याच्या घरातलं माणूस ते वाचतं तेव्हा वेगळंच ऐकू येतं. तेव्हापासून आमच्याकडे शाळेचं वर्ष असंच सुरू होतं.

मग तुमचा तो सरव्याचा डबा. कापणी करताना शेताच्या कडेचं कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असं बायबलच्या लेवीय पुस्तकात, १९व्या अध्यायात आहे. शेतात असं मागे राहिलेल्या याच सरव्यावर बायबलमधल्या रूथनं आपल्या सासूला जगवलं. आता फ्लॅटमध्ये शेताची कड कुठली आणायची? तुम्ही पत्र्याचा डबा आणून आमच्या ओट्यावर ठेवलात. भात टाकताना एक मूठ तांदूळ त्यात, डाळ धुताना एक मूठ डाळ. महिनाअखेरीला तो डबा शेजारच्या बांधकामावरच्या कुटुंबाकडे जायचा, आणि न्यायचा कुणी, तर पोरानं. त्यांच्या पोरांशी त्याची क्रिकेटची टीम झाली. सासूबाई आधी कुरकुरल्या, "आपलंच पुरेना." आता मी विसरले की त्याच मूठ टाकतात.

सुगीच्या सणाचं तर मी सगळ्यांना सांगत असते. गावाकडे बाजरीची कणसं, भोपळे, गावरान कोंबडी, अंडी असं सगळं वेदीपुढे मांडतात, उपासना झाली की लिलाव. पिंपरीच्या चर्चमध्येही लिलाव होतो, पण लोक बाजारातून सफरचंदं आणून ठेवतात. आम्हीही तेच करणार होतो. तुम्ही आमच्या गॅलरीत डोकावलात आणि म्हणालात, "कुंडीत मिरची आहे की." पोरानं चार मिरच्या तोडल्या, वाटीत मांडल्या, त्याही वाकड्या. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, २६व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवायची आणि आपल्या भटक्या पूर्वजाची हकीकत सांगायची असं आहे, म्हणून तुम्ही त्याला हकीकतही पढवलीत: माझे आजोबा नेवाश्याहून आले, त्यांच्याकडे जमीन नव्हती. हे त्यानं माइकवर म्हटलं. एरवी थट्टामस्करीत चालणारा लिलाव जरा थांबलाच. मग मागून एका आजोबांनी चार मिरच्यांना दोनशे रुपये लावले. ह्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. जमीन नव्हती, हे आमच्या घरात कधी कुणी मोठ्यानं बोललेलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या लेंतात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, ह्यांची नोकरी गेली. घरात कुणी बोलेना. नातेवाईक फोनवर "देवाची काहीतरी योजना असेल" म्हणायचे, आणि मला फोन आपटावासा वाटायचा. तुम्ही मटार घेऊन आलात. सोलता सोलता स्तोत्र १३ म्हटलंत, देवा, कुठवर मला विसरणार, ते. "असं देवाला विचारायची सोय बायबलमध्येच आहे, लाजू नका." एवढंच. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, ह्यांना नारळाच्या झावळ्या आणायला पिटाळलंत आणि मुलांसोबत क्रूस विणायला बसवलंत. किती दिवसांनी त्यांच्या हातांना काही काम मिळालं होतं! नोकरी पुढं पावसाळ्यात लागली. ती प्रार्थनेमुळं लागली असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

नाताळचं काय लिहू? कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन केलेला तारा, रात्री ढोलकी-झांजेवर दारोदार गायन, आणि शेजारच्या कुलकर्णी काकूंनी तुमच्याकडून ऐकून पाठ केलेलं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन. त्या म्हणाल्या, "अगं, हा तर अभंगच आहे." "मग दुसरं काय असणार," तुम्ही म्हणालात, आणि करंजीचं सारण चाखायला दिलंत.

ह्या डिसेंबरात आम्ही नगरला येतोय, सासूबाईंसकट. करंज्यांचं सारण तुम्ही करून ठेवा, लाटायला आम्ही आहोत. शंकरपाळ्यांत साखर बेतानं घाला, ह्यांची शुगर वाढलीय. आणि पोरगा विचारतोय, तारा ह्या वेळी सहा कोनांचा करायचा का पाच. तेवढं फोनवर कळवा, कामट्या इथूनच आणतो.

तुमची,
समोरच्या दारातली