कॉलम गिअरच्या सदोष बुश किटबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: प्रीमिअर पद्मिनीच्या गिअर लिंकेजचा बुश किट, पैसे परत मिळणे व माहितीपत्रक दुरुस्त करणे

महोदय,

आपला बुश किट (जोडांतल्या पिनांवर बसणाऱ्या छोट्या नळ्यांचा संच) बसवूनही गाडीची स्टिअरिंग कॉलमवरची गिअरची दांडी पूर्वीइतकीच ढिली आहे. न्यूट्रलमध्ये मूठ लोळते, दुसऱ्यावरून तिसरा शोधावा लागतो. आपल्या प्रतिनिधीचं ईमेलवरचं उत्तर एका ओळीचं: ‘गिअरबॉक्स खोलून घ्या.’ ते मान्य नाही.

दोष कुठे आहे ते गिअरबॉक्स न खोलताही कळतं. इंजिन बंद ठेवून एकाने दांडी हलवायची, दुसऱ्याने बॉनेटखाली पाहायचं. कॉलमच्या तळाचा आर्मच हलत नसेल, तर दोष वर दांडीच्या पिनमध्ये. तो हलतो पण गिअरबॉक्सवरचा आर्म मागे राहतो, तर मधल्या रॉडचे जोड झिजलेले. दोन्ही आर्म पूर्ण फिरूनही गिअर सुटत असेल, तरच गिअरबॉक्सच्या आतले डिटेंट, म्हणजे गिअर जागेवर धरून ठेवणारे स्प्रिंग आणि गोळ्या, पाहायचे. या गाडीत दोष मधल्या जोडांतच आहे. इंजिन माउंटिंगचे रबर शाबूत आहेत, म्हणजे इंजिन डोलून रॉड ओढला जातो असंही नाही.

आता बुशकडे येऊ. व्हर्निअरने मोजल्यावर किटमधल्या चारही बुशचं भोक पिनपेक्षा 0.6 ते 0.7 मिमी मोठं निघालं. नव्या नायलॉन बुशला 0.1 मिमी फट पुष्कळ झाली. खालचा आर्म आखूड आणि वरची दांडी लांब असल्यामुळे जोडावरची ही फट मुठीपाशी कितीतरी पटींनी वाढते, शिवाय प्रत्येक जोडाची त्यात भर पडते. रॉडची लांबी नटांनी कमी-जास्त करून हा ढिलेपणा जात नाही. त्याने फक्त न्यूट्रलची जागा सरकते. त्याच पिनांवर लेथवर नायलॉनचे बुश कातून बसवले आणि गिअरबॉक्सला हात न लावता सगळे गिअर नीट पडू लागले. आणखी कोणता पुरावा हवा?

पाकिटावर चार स्प्लिट पिन लिहिल्या आहेत, आत तीन निघाल्या. ही किरकोळ बाब नाही. पिन नसेल तर वॉशर सरकतो, रॉड निखळतो आणि गाडी आहे त्या गिअरमध्ये अडकते.

माहितीपत्रकात रबरी ग्रोमेटलाही (भोकात बसणाऱ्या रबरी कडीलाही) साधं ग्रीस भरायला सांगितलं आहे. खनिज तेलाच्या ग्रीसने नैसर्गिक रबर फुगून मऊ पडतं. तिथे सिलिकॉन ग्रीस लिहायला हवं. या गाडीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. मालकांची सारी भिस्त आता अशा किटवरच आहे, म्हणून हे जास्त खटकतं.

किटची पूर्ण किंमत आणि कुरिअरचा खर्च 15 दिवसांत परत करावा, या बॅचची विक्री थांबवावी आणि पत्रक दुरुस्त करावं. अन्यथा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल केली जाईल. बुश तपासणीसाठी जपून ठेवले आहेत.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, मोजमापाचे फोटो, ईमेलची प्रत