फ्रेडीच्या शाळेबद्दल पण लिहा की, साहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत इंग्लंडच्या 'क्वीन' या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरचा लेख आला होता, फोटो पण भारी लावला होता तो पिवळ्या जॅकेटमधला, पण वाचून झाल्यावर एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहायलोय. सगळा लेख मिशा, पार्ट्या अन आजार यातच गेला आणि पाचगणीची शाळा दीड ओळीत संपली. अहो, हा माणूस आपल्या महाराष्ट्रात घडला, तेच एवढ्या घाईत का उरकलं?

मी परभणीकडं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, लग्न, जयंती, गणपती सगळे कार्यक्रम करतो, त्यामुळं मी त्याच्याकडं वाजवणाऱ्याच्या नजरेनं बघतो. फारोख बुलसारा हे त्याचं खरं नाव, ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारमध्ये पारशी घरात जन्म, वडील तिथं इंग्रज सरकारच्या नोकरीत कॅशियर. आठेक वर्षांचं पोरगं आईबापापासून समुद्रापार पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला आलं. तिथल्या हेडमास्तरांच्या लक्षात आलं की या पोराला गाण्याबजावण्याचं अंग आहे, त्यांनी घरी पत्र लिहून कळवलं की थोडी फी जास्त भरा, याला पियानो शिकवू. आईबापानं हो म्हणलं. एका हेडमास्तरचं एक पत्र, पण माझ्या मते फ्रेडीच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

मग बाराव्या वर्षी शाळेतल्या पोरांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पाच पोरं, चहाच्या खोक्यापासून केलेला बास, शाळेच्या कार्यक्रमात वाजवायचे. आणि गंमत बघा, त्या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हताच, दुसराच एक मुलगा गायचा आणि हा बाजूला बसून पियानो वाजवायचा! आजकाल टीव्हीवरच्या स्पर्धा बघून प्रत्येकाला डायरेक्ट मधे उभं राहून माईकच पाहिजे, पण ज्यानं आधी मागं बसून दुसऱ्याला साथ केली त्यालाच पुढं उभं राहिल्यावर कळतं की मागच्याला कधी जागा द्यायची.

पुढं १९६४ ला झांझिबारमध्ये क्रांती झाली, घरदार सोडून सगळे इंग्लंडला गेले. तिथं यानं विमानतळावर सामान उचललं, आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकला, मित्राबरोबर केन्सिंग्टन मार्केटात जुने कपडे विकले, आणि १९७० मध्ये क्वीन सुरू झाला. बँडचं नाव यानं दिलं, चिन्ह पण यानंच काढलं, त्यात चौघांच्या राशी आहेत, दोन सिंह, एक कर्क आणि स्वतःची कन्या. लोक याला एकट्याला बघतात पण त्या बँडमध्ये चौघंही गाणी लिहायचे आणि चौघांचीही गाणी गाजली, नंतर १९८९ च्या अल्बमपासून तर कुणी लिहिलं ते न सांगता सगळ्या गाण्यांवर बँडचंच नाव टाकायला लागले. आमच्याकडं बॅनरवर गायकाचा फोटो हाताएवढा अन ऑक्टोपॅडवाल्या पोराचं नाव पण नसतं, म्हणून हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि १३ जुलै १९८५ चा लाइव्ह एडचा कार्यक्रम, म्हणजे इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी बऱ्याच कलाकारांनी मिळून केलेला. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ७० हजारांच्या वर पब्लिक, क्वीनला जेमतेम २१ मिनिटं, आणि मुख्य म्हणजे उजेड होता. ज्यानं उन्हात स्टेज केलंय त्यालाच कळेल की लायटिंगशिवाय कार्यक्रम उचलणं काय असतं, लोकांचे चेहरे सगळे दिसतात, कोण जांभई देतंय ते पण दिसतं. अशात हा माणूस अर्धा तुटका माईक स्टँड हातात घेऊन नुसता आलाप टाकतो आणि अख्खं स्टेडियम त्याला तसंच उत्तर देतं. आपल्या कीर्तनात बुवांनी विठ्ठल म्हणलं की मंडप विठ्ठल म्हणतो, अगदी तसं. याला गळा तर लागतोच, पण समोरच्यावर विश्वास लागतो.

आजाराबद्दल एवढंच म्हणतो की २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी ४५ व्या वर्षी गेला. त्याच्या मागं बँडनं एड्ससाठी ट्रस्ट काढला, हे पण लेखात पाहिजे होतं. आणि आपल्याच लातूर जिल्ह्यात हासेगावला सेवालय आहे, एचआयव्हीसोबत जगणारी मुलं तिथं राहतात अन ती मुलं गाण्यांचे कार्यक्रम पण करतात, त्यांच्याबद्दल दोन ओळी त्याच पानावर किती शोभल्या असत्या.

आता मुद्द्याचं. मी आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत गॅदरिंगला साथ द्यायला गेलो होतो, कपाटात पेटी आहे म्हणले म्हणून काढली, तर भाता उंदरानं कुरतडलेला, तीन पट्ट्या खालीच बसलेल्या, आणि तबल्याची नुसती चुंबळ शिल्लक. संगीताचा तास वेळापत्रकावर आहे पण त्या तासाला गणिताचे सर येतात. त्याच शाळेतलं नववीचं एक पोरगं संध्याकाळी बँजो पार्टीत गातंय, काय वरचा सूर लावतंय साहेब, आणि घरचे म्हणायलेत हे बंद कर अन लातूरला क्लासला जा. घरच्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही, पोटापाण्याचं बघावंच लागतं. पण शाळेतून एक तरी पत्र त्या घरी जायला पाहिजे का नाही, की तुमच्या पोराच्या गळ्यात काहीतरी आहे म्हणून? पत्र लिहायला संगीताचा मास्तरच नाही तर लिहिणार कोण?

फ्रेडीचा वाढदिवस ५ सप्टेंबर, आपला शिक्षक दिन पण त्याच दिवशी असतो. त्या दिवशीच्या अंकासाठी तुमच्या तालुका प्रतिनिधींना मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत एवढंच विचारायला लावा की कोणत्या शाळेत संगीत शिक्षक आहे अन कोणत्या शाळेतली पेटी वाजते. आमच्या तालुक्यातली माहिती मी स्वतः शाळांत फिरून आणून देतो. फक्त माझं नाव छापू नका, त्या शाळेला त्रास व्हायला नको.

आपला,
एक कीबोर्डवाला वाचक, जि. परभणी